रिमोट पलीकडच्या घरात

सेट-टॉप बॉक्स काकांच्या घरात आला आणि त्यातून निघालेली एक वायर भिंतीला भोक पाडून आमच्या घरात आली. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. जुळे सोलापुरात दोघांनी एकाच वेळी शेजारशेजारची रो हाउसेस घेतली होती. दोन दारं, दोन अंगणं, गच्चीवर दोन टाक्या आणि मधे एक सामाईक भिंत. काकांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, त्यामुळे बाजारात नवी वस्तू आली की ती आधी त्यांच्या घरात लागायची. गच्चीवर करड्या रंगाची छत्री बसली. टीव्हीखाली पाटीएवढा काळा डबा आला. त्याच्या तोंडात एक कार्ड खोचलेलं होतं आणि पुढच्या अंगाला एक बारीक दिवा होता, बंद असताना लाल, चालू असताना हिरवा. दोन्ही घरची माणसं सतरंजीवर बसली आणि तो दिवा लालचा हिरवा होताना आम्ही पाहिला. काकूने डब्याला हळदीकुंकू लावलं आणि ते कार्डाच्या फटीत जाईल म्हणून काकांनी लगेच पुसलं.

त्याआधी आमच्याकडे केबल होती. केबलवर माणसांच्या मागे त्यांच्याच सावल्या फिरायच्या, बातम्या सांगणाऱ्या बाईला दोन नाकं असायची आणि वारा सुटला की गल्लीतली वायर हलून चित्र खालून वर सरकत राहायचं. डब्याने हे सगळं संपवलं. चित्र इतकं स्वच्छ झालं की मालिकेतल्या सासूच्या गालावरची पावडर दिसू लागली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक बटण दाबलं की पडद्याच्या तळाशी निळी पट्टी यायची आणि आत्ता काय चालू आहे, पुढे काय लागणार आहे, किती वाजता, हे सगळं लिहून यायचं. पुढचं आधीच कळणं ही त्या घरात तरी नवी गोष्ट होती. आमच्याकडे पाणी कोणत्या दिवशी येईल हेसुद्धा कळत नसे.

काकांनी डब्याच्या मागच्या भोकातून एक वायर काढली, भिंतीला ड्रिलने छिद्र पाडलं आणि ती आमच्या टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडली. "एका बापाची घरं, दोन डबे कशाला?" असं ते म्हणाले. बाबांना ते पटलं. त्यांनी केबलवाल्याला वायर काढून न्यायला सांगितली. या व्यवस्थेत एक गोष्ट होती, ती मला पहिल्याच संध्याकाळी समजली आणि आईला त्याहून आधी समजली असावी. डबा एकच असल्यामुळे चित्रही एकच होतं. पलीकडे जे लावलं जाईल तेच इकडे दिसणार. आमचा टीव्ही आम्ही चालू करू शकत होतो, बंद करू शकत होतो, त्याचा आवाज कमीजास्त करू शकत होतो. काय बघायचं हे मात्र रिमोट ठरवायचा, आणि रिमोट पलीकडच्या घरात होता.

तो रिमोट पल्लवीच्या हातात असायचा. पल्लवी काकांची मुलगी, माझ्याच वर्गात, माझ्यापेक्षा थोडी मोठी. त्यावरचं प्लास्टिक तिने निघू दिलं नव्हतं. शाळेतून आल्यावर ती कोचावर आडवी पडून तो छातीवर ठेवायची, हे मला भिंतीतून दिसत नव्हतं, पण पडद्यावरून कळायचं. एखादं गाणं अर्ध्यावर आलं की ते गायब व्हायचं आणि चॅनेलच्या आकड्यांची यादी सरकू लागायची. मी लाटण्याने भिंतीवर ठोकायची. एकदा ठोकलं तर मागे जा, दोनदा ठोकलं तर थांब, असं आमच्यात ठरलेलं होतं, आणि ते पाळायचं की नाही हे पल्लवी ठरवायची. नाही पाळलं तर मी मागच्या अंगणात जाऊन कंपाउंडवरून हाक मारायची.

"पल्ले, ते लाव की परत."

"कुठलं?"

"मगाचं. आमी बघत होतो."

"आमीपण बघत होतो. बघून झालं."

"आमचं नाही झालं."

"मग तुमचा घ्या की डबा," ती म्हणायची, आणि आत जाऊन मुद्दाम शेअर बाजाराचं चॅनेल लावायची. आम्ही दोन्ही घरं मग थोडा वेळ खाली धावणारे आकडे बघत बसायचो. तिलाही ते बघावं लागायचं, पण ती ते बघायला तयार असायची.

त्या वर्षातलं माझं मन कसलं होतं असं कोणी विचारलं तर एका शब्दात सांगता येतं: जळकं. पल्लवीकडे माझ्यापेक्षा जास्त काही होतं असं नाही. तिचा गणवेश माझ्याच कापडाचा होता, डबाही बहुतेक सारखाच, कडक भाकरी किंवा चपाती आणि शेंगाची चटणी. पण मी जे बघायची ते तिने निवडलेलं असायचं. वर्गात एखाद्या मालिकेबद्दल बोलणं निघालं की ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "उज्जीनं पण बघितलं काल, मी लावलं होतं." आज मी वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करते. माझ्यासमोर दोन पडदे असतात आणि खिशात तिसरा, तिन्हींवर काय यावं ते मीच ठरवते. तरी कोणी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून माउस हलवला तर मी तो हात लगेच बाजूला सारते.

पडद्यावरून पलीकडचं घर दिसायचं, हा या वायरीचा दुसरा परिणाम. बातम्या लागल्या म्हणजे काका दुकानातून आले. त्याच बातम्या आवाज कमी करून चालू राहिल्या म्हणजे काका झोपले. सगळी चॅनेलं एकामागून एक भराभर पळू लागली, कुठेच थांबली नाहीत, म्हणजे काका-काकूचं वाजलं आहे आणि रिमोट काकूच्या हातात आहे. आई तेव्हा कणीक मळता मळता पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, "अक्का चिडल्यात वाटतं." ती काकूला अक्का म्हणायची. थोरल्या जावेचं नाव धाकटीने घ्यायचं नाही, ही रीत आमच्या घरात कोणी शिकवलेली नव्हती आणि कोणी मोडलेलीही नव्हती. काकू आईला सुमन म्हणायची, सरळ नावाने. काका काकूला "अगं" म्हणायचे, आजूबाजूच्या बायका "पल्लवीची आई" म्हणायच्या, आम्ही मुलं काकू.

काकू अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची. तिचं बोलणं मराठी होतं, पण चाल कानडी होती, आणि राग आला की शब्दही कानडी व्हायचे. आई मंगळवेढ्याची. तिला ज्वारीतलं सगळं कळायचं. भाकरी थापताना तिचा हात परातीत असा फिरायचा की शेजारच्या बायका बघत उभ्या राहायच्या. काकूच्या हातचं वैशिष्ट्य होतं शेंगापोळी. ती तिला होळगी म्हणायची. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साल पाखडून काढायचं, गुळाबरोबर कुटायचं आणि दाण्याला तेल सुटायच्या आत थांबायचं, हे सगळं तिने आईला लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शिकवलं होतं. आईला ते आलं, पण काकूइतकं आलं नाही. आईच्या पोळीची कड थोडी जाड राहायची. काकूची पोळी तव्यावरून उतरवली की पापडासारखी वाजायची, आणि आतलं सारण कडेपर्यंत गेलेलं असायचं. आई हे मान्य करायची, पण मोठ्याने नाही.

एका मराठी वाहिनीवर तेव्हा गावोगावच्या बायकांना त्यांच्या गावचा पदार्थ करायला लावणारा कार्यक्रम होता. त्यांची माणसं सोलापुरात येणार हे कॉलनीच्या महिला मंडळात कळलं. मंडळाने शेंगापोळी करायचं ठरवलं आणि दोन जावांची नावं दिली. निवड करायला एक मुलगी आली, खांद्याला पिशवी, डोक्यावर चढवलेला गॉगल. तिने दोघींच्या पोळ्या खाल्ल्या. काकूची पोळी तिने संपवली, आईची अर्धी ठेवली. मग दोघींना म्हणाली, कॅमेरा आहे असं समजून दोन वाक्यं बोला. काकू म्हणाली, "हे बगा, शेंगा घ्यायच्या, भाजायच्या, लई भाजायच्या न्हाईत की." आणि हसली. आईने पदर नीट केला आणि कुठून आणली कोण जाणे अशा पुस्तकी मराठीत सुरुवात केली, "नमस्कार. आज आपण सोलापूरची पारंपरिक शेंगापोळी करणार आहोत." घरात हाय-न्हाय बोलणाऱ्या आईच्या तोंडून ते "आहोत" ऐकून मी तिच्याकडे बघत राहिले. मुलीने लगेच आईचं नाव लिहून घेतलं.

"तूच कर सुमन," काकू म्हणाली. "मी बोलले तर खाली अक्षरं द्यावी लागतील त्यांना."

चित्रीकरण काकूच्या स्वयंपाकघरात झालं, कारण आमच्या ओट्यावर उजेड पडत नव्हता आणि काकूच्या फरशा नव्या होत्या. तवा काकूचा, पोळपाट काकूचा. दाणे आदल्या दिवशी काकूने भाजले, सारण काकूने कुटलं, कारण आईचे हात मेंदीचे होते आणि ती रंगू द्यायची होती. शेवटी ताटात मांडलेल्या पोळ्याही काकूनेच केलेल्या होत्या, त्या माणसांना तयार पोळ्या आधीच हव्या होत्या. आई कॅमेऱ्यासमोर लाटत होती, काकू दाराआड उभी राहून चिमटा, वाटी, तूप हातात देत होती. कॅमेऱ्यात फक्त तिचं मनगट येत होतं. ते एकदा जास्त आलं तेव्हा त्या मुलीने सांगितलं, "मावशी, जरा मागे." काकू मागे झाली, पार अंगणापर्यंत, आणि नंतरची प्रश्नोत्तरं तिने ऐकली नाहीत.

कार्यक्रम लागायची संध्याकाळ आईने बरीच आधीपासून धरून ठेवली होती. आपली वाक्यं ती पाठ म्हणत राहायची, भांडी घासताना, दळणाला जाताना. खरं तर मोठा टीव्ही काकांकडे होता, रिमोट तिकडे होता, सगळ्यांनी तिकडेच बसणं सोयीचं होतं. पण आई म्हणाली, "बायका माज्याकडं येणार. मी काय दुसऱ्याच्या घरात बसून स्वतःला बघू?" बाबा म्हणाले, "दुसऱ्याचं घर कुठलं, दादाचंच हाय." आईने चिवडा केला, सतरंज्या अंथरल्या. महिला मंडळाच्या बायका आल्या, काका आले, पल्लवी आली आणि माझ्या शेजारी बसली. रिमोट तिच्या हातात नव्हता. तो तिच्याशिवाय कुठेतरी आहे असं पहिल्यांदाच जाणवलं आणि मला बरं वाटलं.

"काकू?" मी विचारलं.

"घरात. दूध ठेवलंय म्हणाली, उतू जाईल."

"चॅनेल लावलंय ना पण?"

"लावलंय की. दिसतंय न्हवं का तुला."

दिसत होतं. जाहिराती संपल्या, कार्यक्रमाचं नाव आलं, आणि मग काकूचं स्वयंपाकघर आलं, त्यात आई उभी. बायकांनी एकदम आवाज केला. पडद्याच्या तळाशी आईचं नाव आलं, खाली सोलापूर. आई चेहरा सरळ ठेवून बसली होती, पण तिच्या पायाचा अंगठा हलत होता. सूत्रसंचालक बाईने काहीतरी विनोद केला, आई पडद्यावर हसली. ती पोळपाटाकडे वळली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आडवी रेघ मारलेल्या भोंग्याचं चित्र उमटलं. आवाज गेला.

बाबांनी आमच्या टीव्हीचा आवाज वाढवला. नुसती घरघर आली. त्यांनी आणखी वाढवला, पार शेवटपर्यंत. घरघर मोठी झाली. पडद्यावर आईचे ओठ हलत होते.

"वायर सैल झाली असंल," काका म्हणाले. दुकानदार माणूस, ते चित्र रिमोटवरून आवाज बंद केल्याचं आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मी पल्लवीकडे बघितलं. ती सतरंजीचा धागा ओढत होती.

"जा की, सांग तिला," मी म्हणाले.

"तू जा."

"तुझी आई हाय."

पल्लवी उठली नाही. मी उठले. आई म्हणाली, "बस खाली."

मग तिने बोलायला सुरुवात केली. बसल्या जागेवरून, पडद्याकडे बघत, पडद्यावरच्या ओठांच्या किंचित मागे राहून. "शेंगदाणे मंद आचेवर भाजून घ्यायचे आहेत. साल काढून घ्यायचं आहे." तेच पुस्तकी मराठी, तोच नीट केलेला पदर. बायकांना आधी हसू आलं, मग त्या पडद्याऐवजी आईकडे बघू लागल्या. "दाण्याला तेल सुटायच्या आत आपण थांबणार आहोत." सूत्रसंचालक बाईचे ओठ हलले. आईने तिचाही प्रश्न म्हटला, थोड्या वरच्या आवाजात, "तुम्ही हे कोणाकडून शिकलात?" आणि स्वतःचं उत्तर दिलं, "हे मला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं. त्यांच्यासारखी पोळी सोलापुरात कोणाला येत नाही. मलाही येत नाही."

हे वाक्य तिने आमच्यासमोर कधी पाठ म्हटलं नव्हतं. पल्लवीने धागा सोडला. काका खिडकीबाहेर बघू लागले.

पडद्यावर ताट आलं, काकूच्या पोळ्यांचं, आणि तेवढ्यात कोपऱ्यातलं चित्र गेलं. आमचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला होता. "धन्यवाद सुमनताई" हे शब्द एवढ्या मोठ्याने आले की कडेला बसलेल्या एका बाईच्या हातातला चिवडा सांडला. बाबांनी धडपडत आवाज कमी केला. जाहिरात सुरू झाली. बायका म्हणाल्या छान झालं, दिसल्या छान, साडी खुलून दिसली. त्या उठून गेल्या तेव्हा चिवडा बराच उरला होता.

काका आणि पल्लवी घरी गेले. त्यानंतर आमच्या पडद्यावर चॅनेलं पळू लागली, एकामागून एक, कुठेही न थांबता. आईने टीव्ही बंद केला. बाबा म्हणाले, "वहिनींना सांगायला पायजे, तू त्यांच्याबद्दल काय बोललीस ते." आई म्हणाली, "ऐकायचं असतं तर आवाज ठेवला असता." ती हे शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात मला समाधान ऐकू आलं, आणि आज त्या वेळच्या तिच्या वयाला पोहोचल्यावर मला ते आणखी स्पष्ट ऐकू येतं. आपण समोरच्याबद्दल बोललेली चांगली गोष्ट त्यानेच स्वतःच्या हाताने बंद केली, यात तिला एक जिंकल्याची चव होती.

पल्लवीने घरी जाऊन सांगितलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, आमच्या पडद्यावर चालू असलेला सिनेमा गेला आणि तळाशी निळी पट्टी आली. पट्टीवर कालच्याच कार्यक्रमाचं नाव होतं, पुनःप्रक्षेपण. आई ओट्याशी होती. मी तिला हाक मारली नाही. पडद्यावरची तिची वाक्यं तिला तिथूनच ऐकू आली आणि तिचे हात थांबले, ते मला दारातून दिसलं. दाणे, साल, गूळ, तेल. बाईने विचारलं, कोणाकडून शिकलात. थोरल्या जाऊबाईंनी. त्यांच्यासारखी कोणाला येत नाही. मलाही येत नाही. ताट आलं, धन्यवाद आलं, जाहिरात आली. चॅनेल बदललं नाही.

थोड्या वेळाने पुढचं दार वाजलं आणि काकू आत आली. डोळे लाल होते की दुपारच्या झोपेने सुजले होते, सांगता येणार नाही. ती सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली, चित्रीकरणाच्या वेळी उभी होती तशीच.

"बगितलं," ती म्हणाली.

"बरं," आई म्हणाली.

"थोरल्या जाऊबाई म्हनलीस."

"व्हय. मग?"

"थोरल्या जाऊबाई म्हंजे कोन? सोलापुरात घराघरात थोरल्या जावा हायत. तुजं नाव खाली लिवून आलं. सगळ्या म्हाराष्ट्रानं वाचलं. माजं काय आलं? मनगट."

आई वळली. "तुमचं नाव मी कधी घेतलंय का अक्का? घ्यायचं असतंय का?"

"घरात घेऊ नको की. कोन सांगतंय घरात घे? टीव्हीवर घ्यायचं."

"टीव्हीवर घेतलं आन घरात आल्यावर तुमी म्हनला असता, सुमनला लई शिंगं फुटली."

"म्हनले असते," काकू म्हणाली. "पन नाव तर आलं असतं."

मी कोचावर होते, टीव्हीवर कोणी बोलत होतं, पण मी तिकडे बघत नव्हते. मला वाटलं आता काकू कालच्या आवाजाबद्दल काही बोलेल, किंवा आई विचारेल. दोघींपैकी कोणीही तो विषय काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.

"परत बोलावलं तर घेईन," आई म्हणाली.

"परत कोन बोलावतंय." काकूने दाराच्या चौकटीला हात लावला. "आता घे."

"आता? हितं कोन हाय ऐकायला?"

"मी हाय की."

आईने माझ्याकडे बघितलं, मी नजर टीव्हीकडे वळवली. तिने ओल्या हाताने पदर नीट केला. तोंड उघडलं, मिटलं. एखाद्या माणसाला समोरच्या माणसाचं नाव घेणं एवढं अवघड जाऊ शकतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हे मला महानंदाअक्कांनी शिकवलं," आई म्हणाली.

"अक्का काड."

"...महानंदानं."

काकू ऐकत उभी राहिली. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून हे नाव तिला कोणी ऐकवलं होतं का, याचा मी नंतर विचार केला. काका "अगं" म्हणायचे. तिची आई गेली होती.

"आवाज बारीक निघाला," काकू म्हणाली, आणि चपला घालून निघून गेली. पलीकडचं दार लागलं. आमच्या पडद्यावर मगाचा सिनेमा परत आला, मधला बराच भाग होऊन गेलेला.

आई ओट्याकडे वळली. कणकेचा गोळा तिने हातात घेतला, तो दाबला, परत परातीत टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाव तरी बघ की कसलं भरलेलं हाय. महानंदा. आन माजं ठेवलं सुमन."